चॉकलेटी लॅब्रडॉर आणि त्याच्या रंगाला चिकटवलेला स्वभाव

आमच्या घरी दोन लॅब्रडॉर आहेत आणि दोघे एकाच वेतातले आहेत. शाई काळी आहे, बंड्या चॉकलेटी आहे, आणि त्यांना पहिल्यांदा पाहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पाच मिनिटांच्या आत म्हणतो, ‘चॉकलेटी म्हणजे जरा वेडेच असतात, नाही का?’ काळे कामाचे, पिवळे शांत आणि चॉकलेटी डोक्याने हलके, ही वाटणी लॅब्रडॉर पाळणाऱ्यांमध्ये इतकी रूढ झाली आहे की तिला पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. मीही ती मानत होतो. नाहीतर ज्याला अजून जिन्याची एक पायरी चढता येत नव्हती अशा दोन महिन्यांच्या पिल्लाचे नाव मी बंड्या ठेवले नसते. पुढे याच समजुतीपायी मी त्याचा एक आजार जवळजवळ तीन आठवडे उशिरा ओळखला. ती हकिगत यथावकाश सांगतो. तिच्यानंतर मात्र मी रंग आणि स्वभाव यांच्या संबंधाबद्दल मिळेल ते वाचायला लागलो, आणि आज जे लिहितो आहे ते त्या वाचनातून आणि या दोघांना रोज पाहण्यातून तयार झालेले मत आहे.

रंगाचे गणित आधी मांडणे भाग आहे, कारण पुढचा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. लॅब्रडॉरचे तीन रंग मुख्यतः दोन जनुकांवर ठरतात. पहिले जनुक टीवायआरपी१. गडद रंगद्रव्य काळे राहणार की तपकिरी होणार हे त्याच्यावर अवलंबून असते, आणि तपकिरी करणारी प्रत आई व बाप या दोघांकडूनही आली तरच पिल्लू चॉकलेटी होते. दुसरे जनुक एमसी१आर. गडद रंगद्रव्य केसांत उतरणार की नाही याची किल्ली त्याच्याकडे असते. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर केसांत फक्त पिवळसर रंगद्रव्य तयार होते, आणि मग पहिल्या जनुकाने काय ठरवले होते ते अंगावर दिसतच नाही. ते दिसते नाकावर आणि डोळ्यांच्या कडांवर. काळ्या नाकाचा पिवळा लॅब्रडॉर हा आतून ‘काळा’ असतो, तर तपकिरी नाकाचा पिवळा लॅब्रडॉर हा आतून ‘चॉकलेटी’ असतो. त्याच्याकडे टीवायआरपी१च्या तपकिरी करणाऱ्या दोन्ही प्रती असतात, फक्त त्या केसांपर्यंत पोहोचत नाहीत.

दोन्ही जनुकांची अप्रभावी प्रत दडवून असलेले दोन काळे लॅब्रडॉर एकत्र आले, तर सोळा पिल्लांमागे सरासरी नऊ काळी, तीन चॉकलेटी आणि चार पिवळी अशी वाटणी होते. शाई आणि बंड्याचे आईबाप असेच दोघेही काळे होते. त्या वेतात आठ पिल्ले होती: पाच काळी, एक चॉकलेटी आणि दोन पिवळी, आणि त्या दोन पिवळ्यांपैकी एकाचे नाक तपकिरी होते. त्या वेळी ते नाक मला केवळ वेगळे वाटले होते. आज वाटते की या सगळ्या प्रश्नात लक्ष देण्यासारखी जर एक गोष्ट असेल, तर ती ते नाक आहे. चॉकलेटी रंग देणारे जनुकच कुत्र्याला उतावळे करत असेल, तर तपकिरी नाकाचे पिवळे कुत्रेही तितकेच उतावळे असायला हवेत. तसे कोणी म्हणताना मी आजवर ऐकलेले नाही. लोकांच्या तोंडी वेडेपणा येतो तो नेहमी केसांच्या रंगाला धरून, नाकाच्या रंगाला धरून कधीच नाही.

आता पुराव्याकडे वळतो. चॉकलेटी लॅब्रडॉरबद्दलची समजूत अगदीच निराधार नाही, हे मला प्रामाणिकपणे आधी सांगायला हवे. एडिनबरो विद्यापीठाच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१४ मध्ये ब्रिटनमधील १,९७८ लॅब्रडॉरच्या स्वभावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेम्स सर्पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली सुमारे शंभर प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. अनोळखी माणूस दिसला, मोठा आवाज झाला, मालक बाहेर निघाला किंवा मालकाने दुसऱ्या कुत्र्याकडे लक्ष दिले तर तुमचा कुत्रा काय करतो, अशा प्रश्नांना मालकाने शून्य ते चार या मापात उत्तर द्यायचे असते. या प्रश्नावलीवर चॉकलेटी कुत्र्यांना काळ्यांच्या तुलनेत उतावळेपणासाठी जास्त गुण मिळाले, दुर्लक्ष केल्यावर होणाऱ्या अस्वस्थतेसाठी जास्त मिळाले, आणि शिकवण्याला मिळणाऱ्या प्रतिसादासाठी कमी मिळाले. एका बाबतीत मात्र ते काळ्यांपेक्षा सरस ठरले, ती म्हणजे मोठ्या आवाजाची भीती. ती त्यांच्यात कमी निघाली. ‘चॉकलेटी वेडे असतात’ म्हणून याच अभ्यासाचा दाखला देणारे पुष्कळ भेटतात, पण ‘चॉकलेटी आवाजाला घाबरत नाहीत’ हे मला आजपर्यंत एकानेही ऐकवलेले नाही.

फरक आहे, हे मान्य. तो कशाचा आहे, हा खरा प्रश्न. गटांच्या सरासरीत फरक निघाला म्हणजे गटातील प्रत्येक कुत्रा तसा असतो असे नाही, हे तर उघडच आहे. काळ्यांमध्येही उतावळे असतात आणि चॉकलेट्यांमध्येही स्थिर असतात, आणि दोन्ही गटांचा बराच मोठा भाग एकमेकांवर पडलेला असतो. पण एवढ्याने मला समाधान मिळाले नाही, कारण सरासरी हलण्यालाही काहीतरी कारण असणारच. ते कारण रंगद्रव्यात शोधण्याआधी वंशावळीत शोधावे असे मला वाटते. त्याच अभ्यासात बंदुकीच्या शिकारीत पाडलेला पक्षी उचलून आणण्याचे काम करणारे लॅब्रडॉर शिकवण्याच्या बाबतीत घरगुती कुत्र्यांपेक्षा वरचढ ठरले होते, आणि अशा कामासाठी जे वंश पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले त्यांत काळ्यांचा भरणा मोठा आहे, चॉकलेटी त्या मानाने थोडे आहेत.

हे असे का झाले याचे उत्तर या जातीच्या इतिहासात आहे. न्यूफाउंडलंडमधून ब्रिटनमध्ये आलेल्या पाण्यातील कुत्र्यांपासून ही जात घडवली गेली, आणि घडवणाऱ्या सरदार घराण्यांना हवा होता तो काळा कुत्रा. नोंद झालेला पहिला पिवळा लॅब्रडॉर ‘बेन ऑफ हाइड’ १८९९ मध्ये जन्मला, कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली १९०३ मध्ये, आणि तोपर्यंत व त्यानंतरही बराच काळ काळ्या आईच्या वेतात निघालेले पिवळे किंवा तपकिरी पिल्लू म्हणजे डाग समजला जात असे. चॉकलेटी रंगाला खरी मागणी आली ती फार उशिरा, आणि ती आली तेव्हा कुत्रा घराची शोभा व सोबत म्हणून पाळला जाऊ लागला होता. मागणी रंगाला असेल तर ब्रीडर निवड रंगाचीच करणार. ज्या कुत्रीला केवळ रंग चांगला म्हणून पुढची पिल्ले होऊ दिली गेली, तिची शांतता किंवा शिकण्याची तयारी कोणी तपासलेली नसते. आणि ज्या कुत्रीला दिवसभर गप्प बसून इशाऱ्याची वाट पाहता येते म्हणून निवडले गेले, तिचा रंग बहुतेक वेळा काळा निघतो. रंगाने स्वभाव घडवला असे म्हणण्यापेक्षा, माणसांच्या निवडीमुळे रंग आणि स्वभाव एकाच वाटेने चालत आले, असे म्हणणे मला जास्त पटते. अभ्यासात कुत्रा आज घरगुती आहे की शिकारी, एवढी नोंद असते. त्याच्या पणजीला कोणी, कशासाठी निवडले होते, हे त्या रकान्यात कुठेच मावत नाही.

दुसरी शंका उत्तरे देणाऱ्यांबद्दल आहे, म्हणजे माझ्यासारख्यांबद्दल. एकाच कुत्र्याचे छायाचित्र संगणकावर एकदा पिवळे आणि एकदा काळे करून लोकांना दाखवले, तर पिवळे कुत्रे लोकांना अधिक मनमिळाऊ आणि अधिक स्थिर वाटते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. कुत्रा तोच, उभे राहण्याची पद्धत तीच, बदलला तो फक्त रंग. अनोळखी छायाचित्राबद्दल जर असे होत असेल, तर ज्याच्याबद्दल आधीच शंभर वेळा ऐकले आहे अशा आपल्या कुत्र्याबद्दल काय होत असेल, याचा विचार करावा.

मी तो करून पाहिला. सर्पेल यांच्या प्रश्नावलीच्या धर्तीवर पंचवीस प्रश्न मराठीत लिहिले, दोन कागदांवर उतरवले, आणि एक संच मी भरला व एक आईला भरायला दिला. आई दिवसभर दोघांबरोबर असते आणि रंगाबद्दलच्या या दंतकथांशी तिला काही देणेघेणे नाही. तिच्या लेखी कुत्रे दोन प्रकारचे, चप्पल खाणारे आणि न खाणारे. ‘पाहुणे आल्यावर किती उत्तेजित होतो?’ या प्रश्नाला मी बंड्याला चार आणि शाईला दोन गुण दिले होते. आईने दोघांना तीन-तीन दिले होते. कारण विचारल्यावर तिने जे सांगितले त्यात तथ्य होते: शाई दारापाशी उडी मारत नाही, पण पाहुणा बसला की त्याच्या चपला एकेक करून आतल्या खोलीत नेऊन ठेवते, आणि पाहुणा उठेपर्यंत तिचे ते काम थांबत नाही. मी त्याला आजवर ‘हुशारी’ म्हणत आलो होतो. तेच बंड्याने केले असते तर मी काय म्हटले असते, हे सांगायला नको. कागद एका घरातले, प्रश्न माझे मीच लिहिलेले, यातून काहीही सिद्ध होत नाही. पण स्वतःच्या हाताने लिहिलेला तो चारचा आकडा पाहून मी बराच वेळ गप्प होतो.

आता बंड्याच्या आजाराची, म्हणजे कानाची, ती हकिगत. बंड्या सुमारे चौदा महिन्यांचा असताना त्याचे वागणे बदलले. सांगितल्यावर बसत नसे, बसला तर लगेच उठे, रात्री दोन-दोन तास घरभर फिरे, खुर्चीच्या पायावर डोके घासत राही आणि मधूनच कान फडफडवत असे. त्याला शिकवायला येणाऱ्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, ‘चॉकलेटी आहे, वर्षभर थांबा, आपोआप खाली बसेल.’ मलाही ते पटले, म्हणून मी संध्याकाळचे फिरणे वाढवले आणि चावायला जाड दोराची खेळणी आणून दिली. तीन आठवड्यांनी एका रात्री, गोचीड लागली आहे की काय हे पाहण्यासाठी मी त्याच्या उजव्या कानाची पाळी उलटली, आणि आंबूस, बुरसट वास एकदम नाकात शिरला. आतली कातडी लालबुंद आणि हाताला गरम लागत होती, आणि बोट फिरवले तर त्यावर तपकिरी, चिकट मळ आला. बोट लागताच तो कण्हला आणि डोके माझ्या हातावर जोराने दाबू लागला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कान तपासून बुरशीचा संसर्ग असल्याचे सांगितले, दोन्ही कान स्वच्छ केले आणि दोन आठवड्यांचे थेंब दिले. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने ‘बस’ म्हणालो, आणि तो पहिल्याच हाकेला बसला.

यानंतर वाचनात आलेल्या एका अभ्यासाने मला अधिकच ओशाळे केले. सिडनी विद्यापीठ आणि लंडनचे रॉयल व्हेटर्नरी कॉलेज येथील संशोधकांनी ब्रिटनमधील पशुवैद्यांकडच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये लॅब्रडॉरच्या आजारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात कानाच्या बाहेरील भागाची सूज काळ्यांपैकी १२.८ टक्के, पिवळ्यांपैकी १७ टक्के आणि चॉकलेट्यांपैकी २३.४ टक्के कुत्र्यांत आढळली होती. खाजवून-चाटून चिघळणाऱ्या ओल्या जखमांचे प्रमाण काळ्यांत १.१ टक्का होते, तर चॉकलेट्यांत ४ टक्के. आयुष्याच्या बाबतीतही फरक होता: चॉकलेटी लॅब्रडॉरचे मध्यक आयुर्मान १०.७ वर्षे, तर इतर रंगांच्या लॅब्रडॉरचे १२.१ वर्षे. संशोधकांनी यामागे जे संभाव्य कारण सुचवले ते पुन्हा निवडीचेच आहे. चॉकलेटी रंग अप्रभावी असल्यामुळे तो हमखास मिळवायचा तर दोन्ही पालकांकडे ती प्रत असलीच पाहिजे. त्यामुळे जोड्या थोड्याच कुत्र्यांमधून निवडल्या जातात, आणि त्या थोड्या कुत्र्यांत कान व त्वचेच्या आजाराची प्रवृत्ती असली तर तीही रंगाबरोबर पुढे जाते.

वर्तनाच्या आणि आजाराच्या या दोन अभ्यासांना कोणी एकत्र जोडले आहे असे माझ्या वाचनात नाही, म्हणून पुढचे वाक्य माझा केवळ अंदाज म्हणून वाचावे. ज्या गटात जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या कुत्र्यांचे कान एका वर्षात सुजतात, त्या गटाला अस्वस्थतेसाठी काही गुण जास्त आणि शिकण्यासाठी काही गुण कमी मिळाले, तर त्याचा थोडा वाटा खाजेकडेही जायला हरकत नाही. खाज सुटलेला कुत्रा आणि अवखळ कुत्रा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहिले तर सारखेच दिसतात.

लॅब्रडॉरपेक्षा हा वाद अधिक कडवट झाला तो इंग्लिश कॉकर स्पॅनियल या जातीत. अँथनी पॉडबर्सेक आणि जेम्स सर्पेल यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एकरंगी कॉकर हे मिश्ररंगी कॉकरपेक्षा जास्त आक्रमक आढळले. त्यातही लालसर-सोनेरी रंगाचे सर्वांत वर, त्यांच्याखाली काळे आणि सर्वांत खाली मिश्ररंगी. पुढे स्पेनमध्ये सात आठवड्यांच्या पिल्लांच्या चाचणीतही सोनेरी वर आणि मिश्ररंगी खाली असाच क्रम लागला. सात आठवड्यांच्या पिल्लाला मालकाच्या अपेक्षांनी बिघडवले असे म्हणता येत नाही, त्यामुळे हा पुरावा वजनदार आहे, आणि तो मी बाजूला सारणार नाही. पण कॉकर पाळणाऱ्यांमध्ये एकरंगी आणि मिश्ररंगी कुत्र्यांची जोडी सहसा न लावण्याचा रिवाज जुना आहे. म्हणजे एकाच नावाखाली दोन वंश बरेचसे वेगवेगळे चालत आले आहेत, आणि त्यांपैकी एका वंशात चिडखोर बाप फार वापरला गेला असेल तर ती चीड त्या रंगाच्या नावावर जमा होते.

आणि इथे मला जो मुद्दा सर्वांत निर्णायक वाटतो तो असा. सोनेरी कॉकरचा रंग कोणत्या जनुकामुळे येतो? वर उल्लेख केलेल्या एमसी१आरच्याच दोन्ही प्रती निकामी झाल्यामुळे. पिवळ्या लॅब्रडॉरचा रंगही त्याच कारणाने येतो. तांबड्या आयरिश सेटरचा रंगही त्याच कारणाने येतो. आणि गोल्डन रिट्रीव्हर ही तर अख्खी जातच या निकामी प्रतींवर उभी आहे. त्यात दुसरा रंग नाहीच. आता लोक यांच्याबद्दल काय म्हणतात ते पाहा: सोनेरी कॉकर चिडका, पिवळा लॅब्रडॉर शांत, आयरिश सेटर पळपुटा आणि भिरभिरा, गोल्डन रिट्रीव्हर म्हणजे लहान मुलांच्या अंगाखांद्यावर वाढणारा. एकच जनुक एकाच तऱ्हेने बिघडले आणि चार जातींत चार स्वभाव निघाले. हे जनुक स्वभावाचे सूत्र हलवत असते, तर ते निदान एका दिशेने तरी हलले असते.

रंगाचा वर्तनाशी थेट आणि निर्विवाद संबंध एका ठिकाणी आहे, आणि तो काळ्या-तपकिरीत नसून पांढऱ्यात आहे. डाल्मेशियन कुत्र्याचे पांढरेपण हे रंगपेशी त्वचेपर्यंत न पोहोचल्याने येते. याच रंगपेशी आतल्या कानातही लागतात. त्या तिथे नसतील तर ऐकण्याच्या यंत्रणेचा रक्तपुरवठा राखणारा पडदा जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत झिजतो आणि पिल्लू त्या कानाने बहिरे होते. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियनांपैकी सुमारे ३० टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले आहेत. निळे डोळे असतील तर हा धोका वाढतो, आणि जन्मतःच काळा किंवा तपकिरी मोठा पट्टा अंगावर असेल तर घटतो, कारण तो पट्टा रंगपेशी पोहोचल्याची खूण असतो. बहिऱ्या कुत्र्याला झोपेत मागून हात लावला तर तो दचकून चावू शकतो, हाकेला येत नाही, आणि मग ‘डाल्मेशियन हट्टी व भरवसा नसलेला’ असे म्हटले जाते. इथे रंग खरोखर काहीतरी सांगतो. तो मात्र कानाबद्दल सांगतो, आणि मेंदूतील विजेचे संकेत मोजणाऱ्या साध्या श्रवणचाचणीने पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लातही त्याची खात्री करता येते.

या विषयावर बोलताना कोणीतरी रशियातील कोल्ह्यांचा दाखला देतोच, म्हणून त्याबद्दल थोडे. दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथे चंदेरी कोल्ह्यांतून केवळ माणसाला न घाबरणारे कोल्हे निवडून त्यांची पैदास सुरू केली, आणि त्यांच्यानंतर ल्युदमिला त्रुत यांनी ते काम चालवले. काही पिढ्यांत माणसाळलेल्या कोल्ह्यांच्या कपाळावर पांढरा ठिपका आणि अंगावर पांढरे पट्टे दिसू लागले. २०१४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी याचे स्पष्टीकरण म्हणून असे मांडले की रंगपेशी आणि ताण आल्यावर स्रवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथीचा आतला भाग हे दोन्ही गर्भातील एकाच पेशीसमूहातून येतात, म्हणून सौम्यपणाची निवड केली की पांढरे डागही मागोमाग येतात. कल्पना सुंदर आहे. पण हे कोल्हे मूळचे कॅनडातील प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या फर-शेतांवरचे होते आणि तसे पांढरे ठिपके त्या शेतांवर प्रयोगाच्या आधीपासून दिसत होते, हे २०१९ मध्ये दाखवून दिले गेले. शिवाय ती कल्पना मान्य केली तरी ती रंगपेशी असण्या-नसण्याबद्दल आहे. पेशीने काळे रंगद्रव्य बनवले की तपकिरी, याच्याशी तिचा संबंध नाही. बंड्याच्या अंगावर रंगपेशींची काही वाण नाही.

लॅब्रडॉरच्या वागण्यावर परिणाम करणारे एक जनुक मात्र नक्की सापडले आहे, आणि ते मला फार आवडते, कारण ते रंगाला हुलकावणी देते. केंब्रिजमधील एलेनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की पीओएमसी या जनुकातून डीएनएच्या १४ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असेल तर लॅब्रडॉर अधिक खादाड आणि अधिक वजनदार होतो. सुमारे चारांतील एका लॅब्रडॉरमध्ये हा बदल असतो, पण अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या कुत्र्यांत तो तब्बल चारांतील तिघांत आढळला. खाऊसाठी काहीही करायला तयार असलेला कुत्रा लवकर शिकतो, म्हणून बहुधा निवडीत तो पुढे जात राहिला. गंमत अशी की पीओएमसीपासून बनणाऱ्या संप्रेरकांपैकी एक संप्रेरक त्वचेत एमसी१आरलाच जाऊन भेटते आणि गडद रंगद्रव्य चालू करते. पण हा विशिष्ट बदल त्या संप्रेरकाला हात लावत नाही. भूक बदलते, रंग जागच्या जागी राहतो. रंग आणि वागणे इतक्या जवळून जाऊनही एकमेकांना न शिवता जाऊ शकतात.

माप लक्षात यावे म्हणून आणखी एकच आकडा देतो. २०२२ मध्ये अमेरिकेत १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि २,१५५ कुत्र्यांचे जनुकीय वाचन एकत्र करून केलेल्या अभ्यासात असे निघाले की दोन कुत्र्यांच्या वागण्यातील फरकांपैकी फक्त सुमारे ९ टक्के फरक जातीने समजावता येतो. अख्ख्या जातीचा वाटा एवढा असेल, तर त्या जातीतल्या एका रंगाचा वाटा किती धरायचा हे वाचकांनीच ठरवावे. म्हणून आता कोणी पिल्लाचा रंग विचारायला फोन केला तर मी त्यांना पिल्लांची आई पाहायला जा असे सांगतो. अनोळखी माणूस आत आल्यावर ती उठून येते, गुरगुरते की कोपऱ्यात सरकते. पिल्लू उचलल्यावर ती काय करते. आई आणि बाप यांचे आजोबा-पणजोबा एकच तर नाहीत. आणि त्या वंशात कान व त्वचेचे दुखणे किती आहे, हे विचारावे. उत्तर देताना ब्रीडर वैतागला, तर तेही एक उत्तर आहे.

मागच्या महिन्यात त्या वेतातील तपकिरी नाकाचा पिवळा भाऊ पाहायला मी मुद्दाम गेलो. तो आता तीन वर्षांचा आहे. त्याच्या मालकीणबाईंनी मला दारातच सांगितले, ‘आम्हाला शांत कुत्रा हवा होता, म्हणून पिवळा घेतला, आणि अगदी तसाच निघाला.’ तो खरोखरच अंगावर आला नाही, भुंकला नाही. बाईंच्या खुर्चीमागे उभा राहून तो माझ्याकडे पाहत होता. मी हातातली ओली छत्री कोपऱ्यात ठेवायला वाकलो तेव्हा तो झटकन मागे सरला, शेपूट पोटाखाली गेली, आणि जिभेने तपकिरी नाक दोनदा चाटून त्याने मोठी जांभई दिली. झोप आलेला कुत्रा तशी जांभई देत नाही, घाबरलेला देतो. मी छत्री बाहेर ठेवून आलो, त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसलो आणि बाईंना विचारले, ‘याला मोठ्या आवाजाची भीती वाटते का?’ त्या थोड्या थांबून म्हणाल्या, ‘पलंगाखाली जाऊन बसतो. पण पिवळे असतातच तसे गरीब, नाही का?’